आयत्या बिळावरचा नागोबा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

फुटबॉलमधील आपला आवडता गोल करणारा खेळाडू कोण आणि त्याच्याविषयी आपल्याला पडलेला प्रश्न कोणता, हे कळवण्याची विनंती गेल्या अंकात या सदरातून वाचकांना केली होती. आलेल्या पत्रांत कौतुक पुष्कळ होते आणि प्रश्न त्या मानाने कमी; काही पत्रांत तर शेवटचे प्रश्नचिन्ह केवळ सदराचा मान राखण्यासाठी टाकलेले दिसत होते. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा सर्वांत अधिक दिली आहे, कारण त्यात ज्या आरोपाची तक्रार आहे तो आरोप तरुणपणी मी स्वतः अनेकदा केलेला आहे.

प्रश्न : माझा सर्वांत आवडता खेळाडू पश्चिम जर्मनीचा गर्ड म्युलर. मी त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले नाही. जुन्या सामन्यांचे चित्रण पाहता पाहता त्याच्यावर जीव जडला. माझे मित्र मात्र म्हणतात की, बेकेनबाउर आणि ओव्हराट यांच्यासारख्या त्याच्या संघातील सहकाऱ्यांनी घाम गाळून चेंडू पुढे आणायचा आणि याने गोलपोस्टसमोर उभे राहून तो आत ढकलायचा, म्हणजे निव्वळ आयत्या बिळावर नागोबा. त्यांना काय उत्तर द्यावे? की त्यांचेच खरे आहे?

उत्तर : आपल्या मित्रांचे निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकलेला आहे. म्युलरचे बहुतेक गोल अगदी जवळून झालेले आहेत. तीस मीटरवरून मारलेला सणसणीत फटका किंवा चार जणांना चकवत काढलेली लांब धाव त्याच्या गोलांत क्वचितच आढळते. पण बीळ आयते मिळायचे तर ते एकदा मिळेल, दहादा मिळेल. बुंडेसलीगा या जर्मनीतील अव्वल श्रेणीच्या लीगमध्ये 427 सामन्यांत 365 गोल आणि देशासाठी 62 सामन्यांत 68 गोल करणाऱ्या माणसाला दर वेळी बीळ आयतेच मिळत होते असे म्हणणे म्हणजे प्रत्येक वेळी कावळा बसला आणि फांदी मोडली, असे म्हणण्यासारखे आहे. इतक्या वेळा फांदी मोडत असेल, तर कोणती फांदी कधी मोडणार हे त्या कावळ्याला ठाऊक असले पाहिजे.

आता हे ठाऊक असणे म्हणजे नेमके काय, ते एका गोलावरून पाहू. 7 जुलै 1974 रोजी म्युनिकमध्ये पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दुसऱ्याच मिनिटाला नीस्केन्सने पेनल्टीवर गोल करून नेदरलँड्सला आघाडी मिळवून दिली होती आणि ब्राइटनरने, तीही पेनल्टीवरच, बरोबरी साधली होती. 43व्या मिनिटाला बॉनहॉफ उजव्या बाजूने खोलवर धावत गेला आणि त्याने चेंडू मागे, मध्यभागाकडे दिला. म्युलर त्या क्षणी गोलच्या दिशेने धावत होता आणि बचावपटू त्याच्याबरोबर ओढले जात होते. चेंडू त्याच्या पायाला लागून थोडा मागे राहिला. सामान्य आघाडीवीराचा हल्ला तेथेच संपला असता. म्युलर मात्र धावता धावता थांबला, एक पाऊल मागे आला, चेंडूवर वळला आणि वळतानाच त्याने जमिनीसरपट फटका मारला. गोलरक्षक यॉन्गब्लूड जागचा हललाही नाही. त्या फटक्यात जोर फारसा नव्हता; आणि नेमके हेच आपल्या मित्रांना दाखवावे, कारण जोराने मारलेला चेंडू गोलरक्षक अडवू शकतो, पण ज्या क्षणी फटका येईल असे त्याला वाटतच नाही त्या क्षणी आलेला चेंडू हळू असला तरी आत जातो.

गोलची रुंदी 7.32 मीटर आणि उंची 2.44 मीटर असते. बाहेरून पाहणाऱ्याला ती प्रशस्त वाटते. पण पाच-सहा मीटरवर, समोर गोलरक्षक, अंगावर दोन बचावपटू आणि हातात अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ असताना तिच्यातील मोकळी जागा चेंडूहून फारशी मोठी उरत नाही. त्या गर्दीत म्युलरला त्याच्या शरीराची साथ होती. तो बुटका, रुंद बांध्याचा आणि जाडजूड मांड्यांचा होता. 1964 मध्ये तो बायर्न म्युनिकमध्ये आला तेव्हा प्रशिक्षक चायकोव्स्की यांना हा जाड्या मुलगा मनापासून पसंत नव्हता आणि ‘छोटा जाड्या म्युलर’ हे त्यांनी पाडलेले नाव पुढेही त्याला चिकटून राहिले. परंतु वजन जमिनीलगत असल्यामुळे तो आखूड पावलांत, धक्का लागूनही तोल न जाता, उंच बचावपटूंच्या आधी वळत असे. उंच माणसाला वळायला जागा लागते; म्युलरला ती लागत नव्हती.

आपल्या मित्रांनी एकदा 1970 च्या विश्वचषकातील इटलीविरुद्धचा उपांत्य सामनाही पाहावा. 17 जून रोजी मेक्सिको सिटीतील अझ्टेका मैदानावर तो झाला. नियमित वेळेत 1-1 अशी बरोबरी झाली आणि जादा वेळेत पाच गोल झाले. त्यांतील दोन म्युलरचे. पहिला गोल तर इतका क्षुल्लक दिसतो की हसू यावे: इटलीचा बचावपटू आणि गोलरक्षक यांच्यात चेंडू कोणी घ्यायचा याचा घोळ झाला आणि म्युलरने मध्ये पाय घालून चेंडूला नुसता धक्का दिला, चेंडू रांगत रांगत आत गेला. हे आयते बीळ आहे, हे मी मान्य करतो. पण त्या मैदानावर तेव्हा जर्मनीचे आणखी नऊ खेळाडू धावत होते आणि त्यांच्यापैकी कोणालाही ते बीळ दिसले नाही. इटलीने तो सामना 4-3 असा जिंकला. तरीही त्या स्पर्धेत म्युलरचे एकूण 10 गोल झाले आणि त्याच वर्षी त्याला युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ओर पुरस्कार मिळाला. 1974 चे 4 धरून विश्वचषकातील त्याच्या गोलांची संख्या 14 झाली. तो विक्रम ब्राझीलच्या रोनाल्डोने 2006 मध्ये मोडला, म्हणजे 32 वर्षांनी.

एका बाबतीत मात्र आपण मित्रांना मान द्यावा. बॉनहॉफची धाव नसती तर 1974 चा तो गोल झाला नसता आणि सहकारी झेलरने हेडरने चेंडू पुढे दिला नसता तर इटलीविरुद्धचा म्युलरचा दुसरा गोलही झाला नसता. म्युलर एकट्याने सामना घडवणारा खेळाडू नव्हता आणि त्याचा चाहता असण्यासाठी तसे सिद्ध करण्याची गरजही नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: तो आला तेव्हा बायर्न हा दुसऱ्या श्रेणीतील संघ होता आणि 1974, 1975 व 1976 अशी सलग तीन वर्षे त्याच संघाने युरोपियन कप जिंकला. बायर्नच्या मोठेपणाचे श्रेय म्युलरच्या गोलांना देण्यात खुद्द बेकेनबाउरने कधी हात आखडता घेतला नाही. घाम गाळणाऱ्यांचीच जर त्याच्याबद्दल तक्रार नव्हती, तर त्यांच्या वतीने ती आपल्या मित्रांनी का करावी?

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या पत्रात तिचा उल्लेख नाही. 1971-72 च्या हंगामात म्युलरने बुंडेसलीगात 40 गोल केले. मे 2021 मध्ये बायर्नच्याच रॉबर्ट लेवांडोव्स्कीने त्या आकड्याशी बरोबरी केली तेव्हा त्याने जर्सी वर करून आत घातलेला, म्युलरच्या नावाचा टी-शर्ट दाखवला. पुढच्याच, हंगामातील शेवटच्या सामन्यात, अखेरच्या क्षणी त्याने 41वा गोल केला. म्युलर तेव्हा अल्झायमरने आजारी होता आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला तो गेला. निवृत्तीनंतर दारूच्या व्यसनात सापडलेल्या म्युलरला जुन्या सहकाऱ्यांनी बाहेर काढले आणि बायर्ननेच त्याला प्रशिक्षक म्हणून पुन्हा उभे केले. हा भाग त्याच्या गोलांच्या चित्रणात दिसत नाही. परंतु जीव जडला आहे असे आपण लिहिलेत, म्हणून सांगितला.

प्रश्न : पेलेने हजारहून अधिक गोल केले, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने सांगत आलो. आता घरातील तरुण मंडळी म्हणतात की, त्यांतील कितीतरी गोल ‘खरे’ नाहीत आणि मेस्सी व पोर्तुगालचा रोनाल्डो हेच खरे विक्रमवीर. आमच्या आवडत्या खेळाडूचे गोल असे मागाहून कमी कसे होतात?

उत्तर : गोल कमी झालेले नाहीत, मोजपट्टी बदलली आहे. पेलेचा हजारावा गोल 19 नोव्हेंबर 1969 रोजी माराकाना मैदानावर पेनल्टीवर झाला आणि सामना थांबवून त्याचा उत्सव झाला, हे खरे आहे. त्या हजारांत मैत्रीपूर्ण सामन्यांतील, सांतोस या त्याच्या ब्राझीलमधील क्लबच्या परदेश दौऱ्यांतील आणि पेले लष्करी सेवेत असताना लष्करी संघाकडून खेळला त्या सामन्यांतील गोलही होते, हेही खरे आहे. आज केवळ अधिकृत स्पर्धांतील गोल मोजण्याची पद्धत आहे, म्हणून संख्या खाली येते. तरुण मंडळींना एवढेच सांगावे की, त्या काळी सांतोसचे परदेश दौरे म्हणजे सुट्टीतील सहल नव्हती. युरोपातील बलाढ्य संघ पेलेला हरवण्याच्या ईर्ष्येने त्या सामन्यांत उतरत. आणि ब्राझीलसाठी 92 सामन्यांत 77 गोल हा हिशेब कोणत्याही मोजपट्टीने कमी होत नाही.

आकड्यांच्या बाबतीत नियमही पाहावे लागतात. 1925 पर्यंत आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे तीन खेळाडू नसले तर ऑफसाइड दिला जाई, म्हणजे तो हल्ला नियमबाह्य ठरे. त्या वर्षी तिनाचे दोन झाले आणि इंग्लंडमध्ये गोलांचा पाऊस पडू लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी सुरू झालेल्या 1927-28 च्या हंगामात एव्हर्टनच्या डिक्सी डीनने लीगमध्ये 60 गोल केले. डीन थोर होताच. पण नव्या नियमाला बचावफळ्या सरावलेल्या नव्हत्या, हेही त्याच्या पथ्यावर पडले.

आणखी एक उदाहरण मला फार बोलके वाटते. 2012 मध्ये मेस्सीने एका कॅलेंडर वर्षात 91 गोल करून म्युलरचा 1972 चा 85 गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. त्याच वेळी झांबियाच्या फुटबॉल संघटनेने पुढे येऊन सांगितले की, आमच्या गॉडफ्री चितालूने 1972 मध्येच 107 गोल केले होते. त्या सामन्यांची पडताळणी करता येत नाही, असे फिफाने उत्तर दिले. चितालू हे ऐकायला नव्हता. 1993 मध्ये गॅबनजवळ समुद्रात कोसळलेल्या विमानात झांबियाच्या राष्ट्रीय संघाबरोबर त्याचा प्रशिक्षक म्हणून तोही गेला. ज्या देशात सामन्यांच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या आणि चित्रण झाले, तेथील खेळाडूचे गोल ‘खरे’ ठरतात. बाकीच्यांचे त्यांच्या चाहत्यांच्या आठवणीत राहतात. घरातील वाद मिटवायचा असेल तर एकूण गोलांऐवजी दर सामन्यामागे गोल किती, याकडे पाहावे. तो वादही मिटणार नाही, पण निदान अधिक चांगल्या पातळीवर चालेल.

प्रश्न : रॉबेर्तो बॅजिओचे नाव काढले की प्रत्येक जण 1994 ची ती पेनल्टीच आठवतो. त्याचा चाहता म्हणून मला अजून वाईट वाटते. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : उपाय एकच, आणि तो म्हणजे ती पेनल्टी पूर्ण संदर्भासह सांगणे. 17 जुलै 1994 रोजी अमेरिकेतील पॅसाडीना येथे इटली आणि ब्राझील यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टींवर गेला. बॅजिओने चेंडू गोलपोस्टच्या वरून मारला, तेव्हा ब्राझील 3-2 असे पुढे होते. इटलीकडून त्याच्याआधी बरेसीने चेंडू बाहेर घालवला होता आणि मास्सारोचा फटका अडवला गेला होता. बॅजिओने गोल केला असता तरी बरोबरी फक्त 3-3 झाली असती आणि ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लक होती. म्हणजे विश्वचषक त्याच्या एकट्याच्या पायाने गेला, हे गणितानेही खरे नाही.

मुळात इटली त्या सामन्यापर्यंत पोहोचली ती त्याच्याच पायाने. नायजेरियाविरुद्ध संघ दहा जणांवर आलेला आणि एका गोलाने मागे असताना 88व्या मिनिटाला बरोबरीचा गोल त्याचा, जादा वेळेत पेनल्टीवर विजयी गोल त्याचा. स्पेनविरुद्ध अखेरच्या मिनिटांतील विजयी गोल त्याचा. बल्गेरियाविरुद्ध उपांत्य सामन्यात दोन्ही गोल त्याचे. बाद फेरीत इटलीने केलेल्या सहा गोलांपैकी पाच त्याचे. त्याच उपांत्य सामन्यात मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे अंतिम सामन्यात तो पूर्ण तंदुरुस्त नव्हता.

मला स्वतःला बॅजिओविषयी आदर वाटतो तो या पाच गोलांपेक्षाही पुढच्या एका गोलामुळे. 1998 च्या विश्वचषकात इटलीच्या पहिल्याच सामन्यात, चिलीविरुद्ध, संघ 2-1 असा मागे असताना शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टी मिळाली. ती घ्यायला कोणीही पुढे आले असते. बॅजिओ पुढे आला आणि त्याने गोल केला. त्याच स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध निकाल पुन्हा पेनल्टींवर गेला, तेव्हा इटलीची पहिली पेनल्टी त्यानेच घेतली आणि तीही आत घातली. इटली तो सामनाही हरली, ही गोष्ट वेगळी. पुढच्या वेळी कोणी 1994 चा विषय काढला, तर आपण 1998 चा काढावा.

प्रश्न : माझा आवडता आघाडीवीर आमच्या लाडक्या संघाला सोडून प्रतिस्पर्धी संघात गेला. आता त्याच्या गोलावर टाळी वाजवावी की नाही?

उत्तर : या बाबतीत खेळाडूंनाही पूर्ण निर्णय करता आलेला नाही, तर चाहत्यांना कोठून करता येणार? गॅब्रिएल बातिस्तुता इटलीतील फिओरेन्तिना या क्लबकडून नऊ हंगाम खेळला. 1993 मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हाही तो सोडून गेला नाही आणि संघाला परत वर आणण्यात त्याचा वाटा होता. अखेर 2000 मध्ये तो रोमाकडे गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिओरेन्तिनाविरुद्ध सामन्याचा एकमेव गोल त्याच्याच पायातून झाला. सहकारी त्याला मिठ्या मारत होते आणि तो रडत होता. मँचेस्टर युनायटेडकडून अकरा वर्षे खेळलेल्या डेनिस लॉने 27 एप्रिल 1974 रोजी मँचेस्टर सिटीकडून त्याच युनायटेडविरुद्ध टाचेने गोल केला आणि खाली मान घालून चालू लागला. युनायटेड त्या दिवशी दुसऱ्या श्रेणीत गेले. इतर मैदानांवरील निकाल पाहता लॉचा गोल झाला नसता तरी ते गेलेच असते, परंतु हे त्या क्षणी त्याला ठाऊक नव्हते.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: तो आपल्या संघाविरुद्ध गोल करील त्या दिवशी टाळी वाजवू नये, आणि दुसऱ्या कोणाविरुद्ध करील त्या दिवशी खुशाल वाजवावी. यात विसंगती आहे असे कोणी म्हटले, तर ती आहे. लॉ आणि बातिस्तुता यांच्यातही होती.

प्रश्न : सामना पाहताना माझी नजर सतत चेंडूवर असते, त्यामुळे आवडत्या आघाडीवीराचा खेळ कळतो असे वाटत नाही. नेमके काय पाहावे?

उत्तर : प्रत्यक्ष मैदानावर असाल तर दहा मिनिटे चेंडू सोडून द्यावा आणि फक्त त्याच्याकडे पाहावे. दूरचित्रवाणीवर हे अवघड जाते, कारण कॅमेराही आपल्यासारखाच चेंडूच्या मागे धावतो. तरी गोल झाल्यावर मागून घेतलेले जे चित्रण दाखवतात, ते चुकवू नये. बचावपटूला चेंडू आणि आघाडीवीर हे दोन्ही एकाच वेळी पाहायचे असतात. बाजूने क्रॉस, म्हणजे गोलसमोर टाकलेला चेंडू, येणार असे दिसले की तो क्षणभर मान वळवून चेंडूकडे पाहतो, आणि चांगला आघाडीवीर नेमक्या त्याच क्षणी जागा बदलतो. मान पुन्हा वळते तेव्हा तो तेथे नसतो. काही जण आधी एका बाजूला दोन पावले खोटी टाकतात आणि मग दुसऱ्या बाजूला निघतात. काही जण मुद्दाम बचावपटूच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा बाजूला रेंगाळतात. इटलीचा फिलिप्पो इन्झागी यात तरबेज होता. 2007 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलानकडून खेळताना लिव्हरपूलविरुद्ध त्याचा पहिला गोल पिर्लोच्या फ्री किकवर चेंडू त्याच्या अंगाला लागून झाला आणि लोक हसले. दुसरा गोल त्याने बचावफळीच्या मागे अचूक वेळी सुटून, गोलरक्षकाला वळसा घालून केला. दोन्हींचे चित्रण मिळवून पाहावे आणि पाहताना चेंडू त्याच्यापर्यंत येण्याआधीचे पाच सेकंद पुन्हा पुन्हा मागे न्यावेत.